दुखलं नाही

पट्टी निघाली तेव्हा चर्र असा बारीक आवाज झाला, आणि दुखलं नाही.

झालं ते एवढंच. पण खडूच्या जन्मात एवढंच असं कधी झालेलं नव्हतं. दातांवर दात दाबून, दोन्ही मुठी मांड्यांखाली घालून, मान पुढे काढून तो त्या उंच स्टुलावर अगदी तयारीनं बसला होता. दुखणार, आणि सांगतात त्यापेक्षा जरा जास्तच दुखणार, हे त्यानं धरून ठेवलं होतं, म्हणून सकाळपासून बायकोशीसुद्धा तो धड बोलला नव्हता. आणि ही कातडीची डॉक्टरीणबाई करते काय, तर त्याच्या मानेच्या नि उजव्या खांद्याच्या मधल्या काळ्या तिळावर एक पारदर्शक गोल पट्टी चिकटवते, अंगठ्यानं घोळून घोळून दाबते, पट्टीवरून पेननं तिळाची कड गिरवते, आणि पोरं वहीवरचं चित्र सोडवतात तशी अलगद ओढून घेते. मग त्याच जागी दुसरी, तिसरी, चौथी. दर वेळी चर्र. दर वेळी खडूचे दात आवळलेले, आणि दर वेळी ते बिचारे दात फुकट.

"झालं," बाई म्हणाली.

"कापणार कधी?"

"कापायचं का नाही, ते ठरवायला तर ही पट्टी. वरवरच्या पेशी पट्टीला चिकटून आल्यात. प्रयोगशाळेत त्यांतली जनुकं वाचतात. तीळ बिघडायला लागला की काही जनुकं जागी होतात, एरवी झोपलेली असतात. जागी सापडली तर कापून आत बघू. झोपलेली असली तर उगाच सुरी कशाला?"

"आणि झोपेचं सोंग घेऊन पडली असली तर?"

बाई हसली. "घेतात, पण फार थोडी. म्हणून पुढेही लक्ष ठेवायचं. तुमचे वडील अशाच तिळानं गेले म्हणता ना? मग मुलीलाही घेऊन या. तिला मानेवर आहे म्हणालात."

खडू शर्टाची बटणं लावत बाहेर आला. रस्त्यावर ऊन होतं, माणसं होती, एक बाई कुत्र्याला ओढत नेत होती, आणि त्याला आपल्याला कुणी फसवलं असं वाटत होतं. कुणी आणि कशात, ते मात्र सापडेना. मानेवर हात फिरवला. जागा गुळगुळीत, जरा चिकट. रक्त नाही, वळ नाही, साधी लाली नाही. खरं काय ते बाहेर काढायला निघालेत आणि माणसाला साधा चिमटा काढत नाहीत. असं कुठं खरं बाहेर येतं?

खडू हे त्याचं नाव नव्हे. नाव घरच्यांना ठाऊक. चामड्याच्या कारखान्यात त्याला खडू म्हणत, कारण तरुणपणापासून त्याच्या उजव्या हातात खडूशिवाय दुसरं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. जेवताना तो डाव्या हातानं जेवतो अशीही अफवा होती, आणि तो ती खोडून काढत नसे. चुन्यातून काढलेली, केस झडलेली, फिरत्या लाकडी पिंपात, म्हणजे ढोलात, कमावलेली कातडी टेबलावर यायची. खडू तिच्यावरून तळहात फिरवायचा आणि जिथं खोट असेल तिथं गोल काढायचा. समोर उभा असलेला रापीवाला त्या गोलावरून रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, फिरवायचा आणि खोट बाहेर. रापीवाला म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, त्याचा मेव्हणा. अंगानं दांडगा, मनानं मऊ, आणि हातानं असा की त्याची रापी म्हणे माशीचा पंख कापायची आणि माशीला घरी गेल्यावर कळायचं. गोल का काढला हे त्यानं कधी विचारलं नाही. त्याचे डोळे दारात, बोलणं क्रिकेटचं, आणि हात गोलावर. खडूचा पांढरा गोल दिसला की त्या हाताला डोक्याची गरज नसे. खडूला त्या कामात एक गोष्ट पक्की कळली होती: जनावराला पडलेला सगळा मार कातड्यावर असतो. काठीचा वळ, तारेचा ओरखडा, दुसऱ्याच्या शिंगाची भोसक, डागणीचा शिक्का, गोचिडाची भोकं. मारच खाल्ला नाही असं कातडं त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट: वरच्या बाजूवर भरवसा ठेवायचा नाही. वरून रेशमासारखं असतं, उलटं केलं की मांसाच्या बाजूला किडलेलं निघतं. वरून चार पापुद्रे ओढून कुणी आतलं सांगायला लागलं, तर त्या माणसाला कारखान्याच्या फाटकातून आत घेऊ नये.

बाप पण इथलाच. ढोलावर होता. त्याचा पट्टा कारखान्यात प्रसिद्ध होता. दोन माणसं मारलेल्या बैलाच्या कातड्याचा होता तो, आणि त्या बैलानं म्हणे सोलताना, मेलेला असून, तिसऱ्याची बरगडी मोडली होती. हे खरं का खोटं हे विचारायला त्या पट्ट्याजवळ कोण जाणार? बाप संध्याकाळी घरी यायचा, चुन्यानं फुटलेले हात धुवायचा, आणि म्हणायचा, "खरं बोल." काय झालं, कुणी केलं, हे मागाहून. आधी खरं बोल. पट्टा कमरेतून निघताना जो आवाज व्हायचा तो ऐकून शेजारच्या छपरावरची कबुतरं उडत, आणि ती परत बसेपर्यंत मार संपलेला नसे. खरं बोललं तरी मार, खोटं बोललं तरी मार; पण खरं बोलल्यावरचा मार जरा खालच्या आवाजात असायचा, आणि नंतर बाप पाणी प्यायला द्यायचा. त्या पाण्याची चव खडूच्या जिभेवर अजून होती. लोखंडी पेल्याची, आणि फुटलेल्या ओठाची. खरं म्हटलं की त्याला ती चव आठवे. नाही म्हणायला एकदाच काय ते वेगळं झालं होतं. कारखान्याच्या आवारात खेळताना त्यानं सुरीनं एक अख्खं कातडं मधोमध फाडलं होतं. बापानं विचारलं, त्यानं सांगितलं, मान पुढे केली. बाप म्हणाला, "जा." बस. जा. तो गेला. जेवला, झोपला, उठला, आणि बापाची चाहूल लागली की पोटात गोळा यायचा. बाप काही बोलेना. पट्टा कमरेत शांत. दिवसामागून दिवस तो शांत पट्टा बघून पोरगा वाळत चालला, आईनं जंताचं औषध दिलं. आणि मग एका दुपारी, सगळं विसरायला झालेलं, पोरगा दारात बसून हसत होता, कशाला ते आठवत नाही, तेव्हा मागून आला तो फटका. बक्कल मानेच्या नि खांद्याच्या मध्ये रुतलं. बाप म्हणाला, "विसरलो वाटलं?" पुढे कधीतरी त्याच जागेशेजारी तीळ आला. डॉक्टर म्हणतात मार लागून तीळ येत नाही. ते त्यांचं. ज्याच्या मानेत बक्कल रुतलं त्याला कोण समजावणार?

बापाचाही तीळ तिथंच, थोडा खाली. बापानं तो दाढीच्या वस्ताऱ्यानं स्वतः छाटला, वर तंबाखू दाबली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला. वर्ष संपायच्या आत तो पलंगाला चिकटला. शेवटी शेवटी बोलता येत नव्हतं, नुसता हात उचलायचा, उजवा, अर्ध्यावर, आणि तो हात उचलला की तरुण खडू, मिशी फुटलेला, कमावता खडू, दोन पावलं मागे सरायचा. पाणी मागत होता बाप. हे आईला कळायचं, त्याला कळायचं नाही.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं त्या दिवशी बाईनं स्वतः फोन केला. सगळे घरीच होते, सुट्टी होती. "तसलं काही सापडलं नाही," बाई म्हणाली. "ती जनुकं झोपलेलीच आहेत. कापायची गरज नाही. सहा महिन्यांनी दाखवा, मध्ये काही बदललं तर लगेच या. आणि मुलीला आणताय ना?" बायकोनं शेजारून ऐकलं. "सुटलो बाई," म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसता पुसता भावाला ओरडली, की फळं चिरतोस ती टेबलाच्या कडेवर चिरू नकोस, चरे पडतात. मेव्हणा म्हणाला, "ताई, माझ्या हातून चरा? लिहून ठेव तारीख." मुलगी हसली. ती टेबलाशी पाठमोरी बसून काहीतरी वाचत होती, केस वर बांधलेले. सगळ्या घरात हलकं वारं शिरल्यासारखं झालं आणि खडूच्या पोटात गोळा आला. ओळखीचा. जा, असं म्हटलं होतं त्याला. जा. मग आता तो फटका कुठून येणार? मागून येणार, दारात हसत बसलं की येणार. आणि कुणावर येणार? तो मुलीच्या मागे उभा होता. तिच्या मानेवर, केस संपतात तिथं, तीळ होता. डाळीएवढा, एका बाजूनं जरा फिकट, कड जरा वेडीवाकडी. लहानपणी तो त्यावर बोट ठेवून घंटी वाजवायचा आणि ती टिंग म्हणायची. आता त्याचा तळहात त्या मानेवर आला, सवयीनं फिरला, खोट चाचपली. मग मुलगी म्हणाली, "बाबा, काय करताय? गार लागतंय." आणि त्यानं पाहिलं तर त्याच्या बोटांत खडू होता, खिशातून केव्हा निघाला देव जाणे, आणि मुलीच्या मानेवर अर्धा गोल काढून झालेला होता. पांढरा, स्वच्छ, खास त्याच्या हातचा. त्यानं वर बघितलं. टेबलापलीकडे मेव्हणा बायकोशी काहीतरी बोलत होता, डोळे भलतीकडे, पण त्याच्या हातातली सुरी फळावरून उचलली गेली होती आणि टोक मुलीकडे वळलं होतं, जरासंच, कुत्रं झोपेत कान वळवतं तसं. मग मेव्हण्यानं मान वळवली, अर्धा गोल पाहिला, सुरी पाहिली, आणि सुरी टेबलावर ठेवून हात मांडीखाली घेतला. खडूनं अंगठ्यानं तो गोल पुसला, इतका जोरात की मुलगी "आई गं" म्हणाली.

त्यानंतर त्याला दुसरं काही सुचेना. पट्टी खोटं बोलत असेल तर माझ्याबाबतीत बोलली तेच पोरीबाबतीत बोलेल. तिलाही म्हणेल जा, आणि ती बिचारी जाईल, हसत जाईल. वस्ताऱ्यानं बाप मेला, कारण त्यानं आतली बाजू पाहिली नाही, वरवर छाटलं. पाहायची तर आतली बाजू. आधी माझी. माझं कातडं उलटं करून स्वच्छ निघालं तर पट्टी खरी, मग पोरीला पट्टी. किडकं निघालं तर पोरीलाही सुरी, मग ती डॉक्टरची असो नाहीतर. या नाहीतरच्या पुढे तो विचार जायचा नाही, पण त्याचा हात जायचा. झोपेतून उठताना उजव्या हाताची बोटं आवळलेली सापडायची. बाईकडे जाऊन कापा म्हणायचं त्याच्या मनात आलं, पण बाई पुन्हा हसेल आणि पुन्हा काहीतरी न दुखणारं काढेल. कातड्याचं काम कातडेवाल्यांकडे. जेवणाच्या सुट्टीत कापणीचं दालन रिकामं झालं तेव्हा तो मोरीतल्या आरशासमोर गेला, शर्ट काढला, मान वाकडी करून खडूनं गोल काढला. आरशात हात उलटा जात होता तरी गोल चुकला नाही. मग येऊन तो टेबलावरच्या गारढोण कातड्यांवर पालथा पडला. नाकात चुन्याचा, मिठाचा, जुन्या रक्ताचा वास. बापाच्या हातांचा वास.

मेव्हणा चहाचे दोन पेले घेऊन आला. "दाजी, पाठ धरली का? तेल आणू?"

"खूण केलीय. काप."

मेव्हण्यानं पेले खाली ठेवले. "बाईंनी सांगितलं ना, काही नाही म्हणून?"

"पट्टीनं सांगितलं."

"मग पट्टीला विचारा. मी मेलेलं कापतो. तुम्ही आधी मरा, रीतसर चुन्यात पडा, ढोलात फिरा, मग या टेबलावर. रांगेनं."

"भ्यालास."

"भ्यालो. लिहून देतो. चहा घ्या."

खडू उठला आणि त्यानं तो चहा मेव्हण्याच्या छातीवर फेकला. मग दोघांनाही आपण काय करतोय ते कळलं नाही. खडूनं त्याची कॉलर धरून त्याला खांबावर आपटलं, एकदा, दोनदा, आणि त्याच्या घशातून आवाज निघाला तो त्याचा नव्हता: खरं बोल, खरं बोल, खरं बोल. मेव्हण्याचा ओठ फुटला. मेव्हण्यानं आयुष्यात हात उचललेला नव्हता, त्यामुळे किती उचलावा हे त्याला ठाऊक नव्हतं. एक ठोसा असा बसला की खडूचं डोकं टेबलाच्या कडेला लागलं आणि तोंडात लोखंडी पेल्याची चव आली. खडूनं त्याच्या मनगटाचा चावा घेतला. हो, चावा घेतला, ज्या मामानं त्याच्या पोरीला खांद्यावर बसवून शाळेत नेलं त्या मामाच्या मनगटाचा. कातड्यांची चवड ढासळली, दोघं त्यावर पडले, घसरले, गुडघे, कोपर, दात. शेवटी मेव्हण्यानं त्याला उचलून टेबलावर पालथा केला, पाठीवर गुडघा रोवला, डाव्या कोपरानं मान दाबून धरली. "पुरे करा दाजी. पुरे करा. हात जोडतो." पण जोडायला हात मोकळा नव्हता. उजव्या हातात रापी होती, झटापटीत कधीतरी सवयीनं उचललेली. दोघं धापा टाकत होते. मेव्हण्याचे डोळे दाराकडे गेले, कुणी येतंय का बघायला. आणि खाली, त्याच्या हाताच्या अगदी पुढ्यात, पांढरा गोल.

थंड रेघ फिरली. पहिल्यांदा नुसती थंड. मग त्या रेघेतून जे वर आलं त्यानं खडूच्या डोळ्यांपुढची कातडी, टेबल, खांब, सगळं पांढरं केलं, आणि त्या पांढऱ्यात त्याला वाटलं, हे बघ. हे दुखतंय. हे खरं. पोटातला गोळा विरघळला, लहानपणापासूनचा. आता बाप पाणी देईल. आणि त्याच क्षणी आत, खोलवर, ताणलेली दोरी तुटावी तसं काहीतरी तुटलं, ते मात्र दुखलं नाही, आणि टेबलाची कड धरलेला उजवा हात आपोआप सुटून खाली लोंबला.

मेव्हणा ओरडत नव्हता. रापीच्या टोकावर ते नाण्याएवढं कातडं घेऊन तो उभा होता आणि कुणीतरी दुसऱ्यानंच हे केलं असावं तसा त्याकडे बघत होता. "गोल दिसला," तो म्हणाला. "दाजी, मी बघत नव्हतो. गोल दिसला आणि..."

"उलटं कर," खडू म्हणाला. रक्त पाठीवरून बरगडीकडे गरम गरम चाललं होतं. "आतली बाजू दाखव."

मेव्हण्यानं ते उलटं करून त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. खडूनं पाहिलं. आयुष्यभर पाहिलं तसं पाहिलं. पांढरट गुलाबी, सारखं, दाणेदार. वरचा काळा ठिपका खाली उतरलेला नव्हता. कुठं भोक नाही, डाग नाही. इतकं निर्दोष कातडं त्याच्या टेबलावर कधी आलं नव्हतं, आणि ते त्यानं स्वतःच कापायला लावलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं जखम धुतली, शिवली. मग मेव्हण्यानं, ओठ सुजलेला, खिशातून तंबाखूची डबी काढून पुढे केली. बाईनं उघडली. आत मीठ, मिठात तो तुकडा.

"हे काय?"

"नासू नये म्हणून. आमच्याकडे असंच ठेवतात."

बाई त्या डबीकडे बघत खुर्चीत बसली. नंतर खडूकडे वळली आणि त्याला उजवा हात वर करायला सांगितला. हात खांद्यापर्यंत आला आणि अडला. पुन्हा केला, पुन्हा तिथंच. मानेच्या बाजूनं एक नस अगदी वरून जाते, बाई म्हणाली, खांदा उचलायची. ती गेली. शस्त्रक्रियेनं जोडून बघू, पण पहिल्यासारखा होईल असं मी सांगत नाही. "मी तुम्हाला म्हटलं होतं, गरज नाही. मी मराठीतच म्हटलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"दुखलं नव्हतं," तो म्हणाला. मिठातला तुकडा तपासून आला, त्यातही काही नव्हतं. नस जोडली, हात थोडा सुधारला, थोडाच. बायको त्याच्याशी बोलायची ती मुलीच्या मार्फत: बाबांना विचार, भात वाढू का. भावाशी तर तेवढंही नाही. मेव्हण्यानं रापी सोडली, ढोलावर बदली मागून घेतली. येताजाता तो खडूच्या टेबलाकडे बघायचा नाही. खडू आता डाव्या हातानं गोल काढायचा. ते वाकडे यायचे, आणि नवा रापीवाला प्रत्येक गोलाला विचारायचा, "इथं नक्की ना?" पहिल्यांदा खडूला राग आला. मग तो थांबून पुन्हा चाचपायला लागला, आणि कधीकधी गोल पुसूनही टाकायला लागला.

मुलीला तो स्वतः घेऊन गेला. बायको नको म्हणत होती. तेच स्टूल, तीच खिडकी. मुलगी चढून बसली, पाय हलवत. बाई म्हणाली, केस जरा वर धरता का? खडूनं सवयीनं उजवा हात उचलला. तो अर्ध्यावर आला आणि थांबला, हवेतच, बोटं थोडी वाकलेली. त्यानं तो हात ओळखला. पलंगावरून असाच उठायचा. त्या हाताला पाणी हवं होतं. हात खाली घ्यावा हे त्याला सुचेना. मुलीनं मागे वळून पाहिलं, काय झालं ते तिला दिसलं, आणि ती खाली वाकली. डोकं एवढं खाली आणलं की केस त्याच्या हातात येतील. मार खायला वाकलेली मान त्याच्या पूर्ण ओळखीची होती. तिच्या शिरा ताठ असतात. ही मान सैल होती, उबदार, आणि पोरगी त्या अवस्थेत बाईला विचारत होती की या पट्ट्या रंगीत मिळत नाहीत का.

चर्र.

"झालं?" मुलगी म्हणाली. "एवढंच?"

चार वेळा झालं. खडूचे दात चारही वेळा आवळले. परत जाताना जिन्यात ती पुढे, तो मागे. मधल्या पायरीवर ती थांबली. "बाबा, आणि यांनी सांगितलं की तिळात काही नाही, तर?"

खडूचा डावा हात खिशात गेला. खडू होता तिथं. त्यानं मूठ मिटली, खडूचे दोन तुकडे झाले, मग बारीक तुकडे, मग भुगा. पोटात गोळा आला होताच. तो कुठं जाणार. त्या गोळ्याकडेच बघत तो म्हणाला,

"तर नाही."